आमच्या इवायांची काच

देवानं ही दुनिया केली तेव्हा प्रत्येक वस्तू चार बोटं जास्तीची केली, आणि ती मापात आणायला मागाहून आमच्या इवायांना खाली धाडलं, अशी इवायांची स्वतःची पक्की समजूत होती. इवाई म्हणजे व्याही, माझ्या मंदाचे सासरे. आम्ही मूळचे वऱ्हाडाकडचे. जन्म रायपुरात गेला तरी व्याह्याला इवाई आणि विहिणीला ईनबाईच म्हणतो. तर या इवायांच्या घरात दुकानातून आली त्याच लांबीची राहिलेली वस्तू मी पाहिली नाही. छत्रीचा दांडा कापलेला, झाडू कापलेला, पडदे गुडघ्यापर्यंत आलेले, फुलबाह्यांचे शर्ट अर्धबाह्यांचे झालेले. दात घासायच्या ब्रशाची दांडी तर इतकी आखूड की घासताना त्यांची मूठ त्यांच्याच हनुवटीवर आपटायची. भिंतीवरचं कॅलेंडर घरात आलं की पहिल्यांदा त्याच्या खालची जाहिरात कापायची. एका वर्षी जाहिरातीबरोबर प्रत्येक महिन्याची शेवटची ओळही गेली आणि त्या वर्षी त्यांच्या घरात महिनाअखेर म्हणून आलीच नाही. मंदाच्या सासूच्या एकादश्या चुकल्या. त्यावर इवाई म्हणाले, "बरं झालं, तेवढेच उपास कमी झाले."

हे वेड मला मंदाच्या लग्नातच कळायला हवं होतं, पण लग्नात मुलीच्या आईनं काय काय पाहायचं. मांडवाच्या तोंडाशी एक आडवा बांबू होता आणि तो उंच पाहुण्यांच्या कपाळाला लागत होता. नवरदेवाच्या बापानं मानाच्या खुर्चीवर बसून राहावं, लोकांचे नमस्कार घ्यावे. हे फेटा बांधलेल्या डोक्यानं करवत घेऊन बांबू कापत बसले. बांबू तुटला आणि त्याच्यावर टेकलेली कनात सरळ भटजींच्या अंगावर आली. भटजी मंगलाष्टकांच्या मधोमध होते. कनातीच्या खालून त्यांचा आवाज येतच राहिला, थांबला नाही, ही त्या भटजीची कमाल. इवाई कनात उचलत म्हणाले, "महाराज, आता दोन कडवे कमीच करा. तसंही लांबून राहिलं होतं." माझे यजमान तेव्हा हयात होते, रेल्वेत होते, कडक माणूस. ते माझ्या कानाशी म्हणाले, "पोट्टी कुठं देऊन राहिलो आपण?" मी म्हटलं, "पोट्टी उंचीला कमीच आहे, तिला कापणार नाहीत."

मंदाच्या सासूचे गुडघे दुखायचे. पलंगावर बसलं की तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत असं एक दिवस इवायांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी लगेच पलंगाचे पाय कापले. पाय टेकले. पण पलंग पाटाएवढा झाला आणि त्यावरून उठायला तिला दोघांचे हात लागायला लागले. मग तेच कापलेले तुकडे शोधून पलंगाखाली ठेवले, पलंग होता तेवढा उंच झाला, फक्त कूस बदलली की टकटक वाजायचा. तुकडे शोधावे लागले नाहीत खरं तर, कारण इवाई कुठलाही तुकडा फेकत नसत. त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात छत्रीचे, झाडूचे, पडद्यांचे, पट्ट्यांचे, सगळ्यांचे तुकडे जपून ठेवलेले. "फेकाचा नाई," ते म्हणत, "कापलेल्याले कधी ना कधी आपल्या जाग्यावर जावंसं वाटते."

वस्तूंचं जे, तेच बोलण्याचं. ते सरकारी कचेरीत होते आणि कचेरीत माणसं फार लांबण लावतात असं त्यांचं म्हणणं. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की ते हात वर करून म्हणत, "मुद्द्यावर या." जावयाला म्हणत, मंदाला म्हणत, दुधवाल्याला म्हणत. एकदा शेजारच्या घरी माणूस गेला आणि त्याची बायको रडत रडत सांगत होती, तर तिलाही म्हणायला निघाले होते, मी डोळे वटारले तेव्हा हात खाली घेतला. सगळ्या जगात एकटी मंदाची सासू अशी की तिला त्यांनी कधी मुद्द्यावर आणलं नाही. आणि तेही घरात नाही, फक्त मोटारसायकलवर. घरात ती मुकी. पण संध्याकाळी इवाई तिला मागं बसवून बूढा तलावाकडे हवा खायला आणि गुपचुप, म्हणजे आपली पाणीपुरी, खायला न्यायचे, तेव्हा गाडी चालू झाली की तिचं तोंड चालू व्हायचं. "ही गाय पाहा कशी बसली आहे डावीकडे. हा ऑटोवाला पाहा, मधातच थांबला. अय बाई, पोट्टे खेळून राहिले इथं. खड्डा तसाच आहे वाटते अजून." गाडी पाऱ्यातून, म्हणजे मोहल्ल्यातून, बाहेर जाईपर्यंत हे असंच. पोरं तिला रेडिओ म्हणायची. मला ते आवडायचं नाही. बाईनं रस्त्यानं जाताना तोंडाला काही आवर घालावा, या मताची मी. पण गुडघ्यांनी ती चार घरं चालू शकत नव्हती आणि ऑटोची पायरी तिला चढवत नव्हती. मोटारसायकलची सीट मात्र इवायांनी आतला स्पंज कापून तिच्या मापाची केली होती. म्हणजे ती मोटारसायकल होती म्हणून ती बाई घराबाहेर होती. नाहीतर पलंग आणि टकटक.

त्या गाडीवर मीही बसले आहे, हौसेनं नव्हे. मंदाचं घर बूढापाऱ्यात, माझं तलावाच्या पलीकडे. माझे पाय चांगले आहेत, आणि त्या वाटेनं मी डोळे मिटून जाईन. पण विहिणीला घरून पायी धाडायचं नाही हा इवायांच्या घरचा कायदा. मी चप्पल घालायला लागले की ते किल्ली घेऊन उभे. "ईनबाई, लोक काय म्हणतील? मुलाच्या घरून ईन पायी जाऊन राहिली?" मी म्हणायची, "लोकांना काही काम नाही का?" पण बसावं लागायचं. आणि बसले की मी आडवी बसून, पदर डोक्यावर घेऊन, एक शब्द न बोलता बसायची. इवायाच्या मागं बसून बडबड करणं माझ्यात नाही. नमस्कार चढताना एक, उतरताना एक. मधे काही नाही.

मग राज्य नवीन झालं, त्याला राजधानी लागली आणि जुन्या रायपुरात ती मावेना म्हणून दूर रानात नवी राजधानी बांधली. इवायांची कचेरी तिकडे गेली. कचेरीची बस जायची, पण बस सगळ्या गावाला वळसा घालून जाते, रस्ता लांबतो, म्हणून हे मोटारसायकलनंच जायला लागले. तिकडचे रस्ते मी पाहिले आहेत. इतके रुंद आणि इतके रिकामे की डोळे मिटून गाडी चालवावी. पुढं कळलं की ते जवळजवळ तसंच जात होते. पण तेव्हा त्यांची तक्रार वाऱ्याची होती. त्या उघड्या रस्त्यावर वारा छाती फोडतो आणि संध्याकाळी येताना तोंडात किडे जातात. म्हणून त्यांनी हँडलच्या पुढं लावायची एक काच आणली. काच म्हणजे जाड प्लास्टिकच, पण घराच्या खिडकीएवढी मोठी. ती लावल्यावर मोटारसायकल फेरीवाल्याच्या गाड्यासारखी दिसायला लागली. पाऱ्यातल्या पोरांनी विचारलं, "अंकल, समोसे कैसे दिए?"

काच आली आणि महिन्याभरात इवाई म्हणायला लागले की तिच्यातून धूसर दिसतं. आधी त्यांनी कारखान्यांच्या काजळीला दोष दिला. ते काही खोटं नाही. आमचा जावई सिलतऱ्याच्या कारखान्यात कामाला, त्याचा शर्ट धुतला की बादली काळी होते, आणि गच्चीवर पापड घातले तर संध्याकाळी ते दुसऱ्याच कशाचे वाटतात. इवाई रोज काच पुसायचे, साबणानं, लिंबानं, राखेनं. तरी धूसर. मग हेल्मेटच्या पुढची पारदर्शक पट्टी कापून टाकली, हिच्यात वाफ जमते म्हणाले. तरी धूसर. नव्या राजधानीतले दिवेही त्यांना पसंत नव्हते. "कसले दिवे लावले बाप्पा, एकेका दिव्याले केस फुटून राहिले." शेवटी त्यांनी ठरवलं की दोष काचेच्या उंचीत आहे. दुकानदारानं त्यांना सांगितलं होतं, "अंकल, काँच के ऊपर से देखना होता है, काँच में से नहीं. किनारा नाक तक आना चाहिए." आणि ही काच त्यांच्या कपाळाच्याही वर जात होती. म्हणजे कापायला पाहिजे. हे ऐकून त्यांच्या तोंडावर जो आनंद आला, तो मी नातू झाला तेव्हाही पाहिला नव्हता.

पहिल्या वेळी मी तिथं नव्हते. गाडी स्टँडवर उभी करून, वर बसून, नाकासमोर खूण करून त्यांनी एकट्यानं काच कापली. त्यानंतर मी मंदाकडे पुरणपोळ्या घेऊन गेले आणि दिवे लागायच्या सुमारास निघाले. कायद्याप्रमाणे मोटारसायकलवर. कोणाच्या तरी टाकीचं पाणी रस्त्यावर सांडलं होतं, त्याचा ओला काळा डाग पडला होता. इवायांनी त्या डागाला असा मोठा वळसा घातला, जणू विहीरच आहे. आणि पुढं महानगरपालिकेनं खणून ठेवलेला खरा खड्डा होता, त्यात सरळ गेले. मी नालीच्या कडेला बसलेली, पदर जाग्यावर, हातात रिकामा डबा. गाडीचा पुढचा पत्रा वाकला. इवाई उठून आधी काचेकडे गेले. "पाहिलं ईनबाई? तुम्ही मागे बसल्या तर मागची बाजू दबली, अन् काच वर आली. किनार नेमकी डोळ्यासमोर. मी एकट्याचं माप घेतलं, हे चुकलं." मला लागलं का, हे त्यांनी मग विचारलं. लागलं नव्हतं.

घरी जावयानं वाकलेला पत्रा पाहिला. जावई आमचा मराठी समजतो सगळं, बोलतो हिंदीत. तो आवाज न चढवता म्हणाला, "पापा, एक बार और ठोका ना, तो चाबी मैं रखूँगा और गाड़ी बेच दूँगा. आप ऑफिस की बस से जाओ." इवायांनी नेहमीप्रमाणे "मुद्द्यावर ये" म्हटलं नाही. तो मुद्द्यावरच होता. दारात मंदाची सासू उभी होती. तिनं पदराचं टोक हातात धरलं होतं आणि ती जावयाकडे नाही, गाडीकडे पाहत होती.

पुढच्या रविवारसाठी इवायांचा निरोप आला, ईनबाईंनी सकाळी यावं, वजनाचं काम आहे. माझं वजन कोणाच्या कामी येईल असं मला वाटलं नव्हतं. अंगणात गाडी स्टँडवरून उतरवलेली, जावई कारखान्यात पाळीवर, मंदा बाजारात. इवाई पुढं बसले, मला मागं बसवलं, आणि शेजारच्या गच्चीवर दोन बायका वाळवण सोडून कठड्याला येऊन उभ्या राहिल्या. सकाळच्या वेळी दोन म्हातारी माणसं न चालणाऱ्या मोटारसायकलवर गंभीर तोंडानं बसलेली. वरून एकीनं विचारलं, "कहाँ जा रहे हो अम्मा?" मी म्हटलं, "कहीं नहीं. काच कापून राहिले." तिला यातलं काय कळलं कोण जाणे, तिनं हात जोडले.

इवायांनी नाकाच्या टोकासमोर स्केचपेनानं खूण केली, मग काच खोलून अंगणातल्या टेबलावर जुनी चादर टाकून तिच्यावर ठेवली. कापण्यात त्यांचा हात खरंच चांगला होता, ते कबूल करायला पाहिजे. आधी कागदी चिकटपट्टी लावली, म्हणजे काच तडकत नाही. वरची गोलाई काढायला त्यांनी परात मागितली. मंदाच्या रुखवतात मी दिलेली पितळेची परात. मी म्हटलं, "ही लग्नात दिली तेव्हा मोटारसायकलसाठी दिली नव्हती." ते म्हणाले, "परात तशीच राहते न, तिले थोडीच कापतो?" मग लोखंड कापायच्या बारीक दाताच्या करवतीनं हळूहळू कापायला लागले. जोरात ओढलं तर प्लास्टिक गरम होतं आणि कापलेलं मागं पुन्हा चिकटतं. म्हणून कोणीतरी वरून थेंब थेंब पाणी सोडायचं. ते कोणीतरी म्हणजे मी. इवायाच्या अंगणात विहीण लोटा घेऊन उभी, आणि काचेला आंघोळ घालून राहिली. कड निघाली, ती कानशीनं घासली, मग घासपेपरनं, मग दात घासायची पेस्ट लावून चमकवली. पुन्हा बसवली. पुन्हा आम्ही दोघं गाडीवर. इवाई किनारीच्या वरून समोर तुळशीकडे पाहायला लागले. पाहिलं, डोळे बारीक केले, मान पुढं केली.

"अजून धूसरच आहे," ते म्हणाले. "किनार चमकून राहिली. आणखी दोन बोटं काढू."

आणखी दोन बोटं काढली. मग आणखी. परातीची गोलाई संपली आणि ते मंदाच्या ताटाच्या गोलाईवर आले. माझा हात लोटा धरून भरून आला. प्रत्येक वेळी खोला, चिकटवा, कापा, घासा, लावा, बसा, तुळशीकडे पाहा. टेबलावर काचेच्या पट्ट्या जमत गेल्या, कोणी काकडीच्या फोडी करून ठेवाव्या तशा. शेवटी हँडलवर जी उरली ती हाताच्या पंजाएवढी होती. एखाद्या गाड्यावर भाव लिहायची पाटी असते, तेवढी. आता ती त्यांच्या पोटाच्या समोर होती. डोळ्यांच्या आणि तुळशीच्या मधे हवेशिवाय काही नव्हतं.

"अजून आहे," इवाई म्हणाले. पण या वेळी हळू म्हणाले.

मी गाडीवरून उतरले. टेबलावरची एक पट्टी उचलली आणि डोळ्यासमोर धरली. तुळस दिसली, तुळशीची मंजिरी दिसली, मंजिरीवरची मुंगी दिसली. वरच्या गच्चीवरच्या बाईच्या नाकातली चमकी दिसली. माझ्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू आदल्या वर्षी काढला होता. तो काढायच्या आधी मलाही सगळे दिवे केसाळ दिसायचे आणि मी सुनेला रोज बल्ब पुसायला लावायची. मी चौथी शिकलेली बाई, पण एवढं मला कळतं.

"इवाई," मी म्हटलं, "काच तर पाण्यासारखी साफ आहे. धूसर तुमचे डोळे आहेत."

ते हँडल धरून तसेच बसून राहिले. मंदाची सासू चहाचे कप घेऊन दारात आली होती. तिनं कप पायरीवर ठेवले.

"मले मालूम आहे," ती म्हणाली. तिला घरात बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "दिवाळीपासून मालूम आहे. मी मागे बसून काय भजन म्हणते का, ईनबाई? गाय म्हटलं की हे वळवतात, ऑटो म्हटलं की थांबवतात. असेच जातो आम्ही तलावाले. तुम्ही मागे बसता अन् मुक्यासारख्या बसता, म्हणून खड्ड्यात गेले."

मी पट्टी खाली ठेवली. सगळा पारा जिला रेडिओ म्हणत होता, ती रस्ता सांगत होती.

इवाई मला म्हणाले, "तुम्ही मंदाले सांगाल."

"का सांगू नये?"

"पोट्टा चाबी घेईल. माझं काय, मी बसनं जाईन. पण हिले कोण नेईल? ही दारातच राहील मग."

मला कोणाचं दुःख ऐकून लगेच पाझर फुटत नाही. मी म्हटलं, "तुम्ही दोघं एखाद्या दिवशी सोबतच मराल, आणि वर एखाद्या पोट्ट्याला माराल. डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या."

तर हा माणूस, ज्यानं बांबू कापला, पलंग कापला, भर मांडवात भटजीचे श्लोक कापले, तो पांढरा पडला. "डोळ्याले कापतात?"

"कापतात. फार बारीक. चार बोटं नाही काढत."

"मुद्द्यावर या ईनबाई. दुखते का?"

"नाही. तुमच्यासोबत इथं पाण्याचा लोटा धरून उभं राहायला जास्त दुखते."

मग आमचं ठरलं. ते ऑपरेशन करून घेतील, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत चाबी माझ्याकडे राहील. मी ती तिथंच त्यांच्या हातातून घेतली आणि पदराला गाठ मारली. मंदाला सांगितलं की मला डोळे दाखवायला जायचं आहे आणि इवाई सोबत येत आहेत. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, पेशंट कौन है, तर इवायांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसवलं. लोकांसमोर विहिणीनं इवायाचा हात धरला, कोणी वऱ्हाडातलं पाहिलं असतं तर बोललं असतं. आधी एक डोळा झाला, मग काही दिवसांनी दुसरा. डोळ्यावरची पट्टी घरात लपत नाही, तेव्हा जावयाला कळलंच. त्यानं हात पुढं केला, "चाबी?" मी पदराची गाठ दाखवली. सासूच्या पदराला हात घालणारा जावई अजून रायपुरात जन्माला यायचा आहे. तो मंदाकडे पाहून म्हणाला, "तुम्हारी माँ से कौन बोले," आणि गेला कामाला.

तेवढे दिवस तलाव बंद होता. मंदाची सासू दारात खुर्ची टाकून बसायची आणि रस्त्यावरची गाय आली की सवयीनं सांगायची. डॉक्टरनं हो म्हटलं त्या दिवशी मी चाबी घेऊन गेले. इवाई काळा चष्मा काढून बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. "ईनबाई," ते म्हणाले, "तुम्ही लयच म्हाताऱ्या झाल्या." मी म्हटलं, "तुमच्या काचेला पाणी घालून झाले." मग अंगणात गेले, गाडी पाहिली आणि हँडलवरच्या त्या पंजाएवढ्या तुकड्यापाशी थांबले. "हे कोण्या गाढवानं कापलं?" ते घरात गेले, पत्र्याची पेटी ओढली, आणि सगळ्या पट्ट्या काढल्या. एकही फेकली नव्हती. ॲल्युमिनियमच्या चिपा आणि बारीक स्क्रू लावून त्यांनी एकावर एक पट्टी जोडत काच परत चढवली, नाकापर्यंत, दुकानदारानं सांगितली होती तेवढी. आडव्या पट्ट्यांची ती काच लांबून खिडकीच्या झडपेसारखी दिसते. पाऱ्यातल्या पोरांनी आता विचारलं, "अंकल, खिड़की खोल दूँ?"

पहिल्या संध्याकाळी दोघं तलावाला गेली आणि लवकर परत आली. इवाई गाडी लावताना कुरकुरत होते. "ही बोललीच नाई आज. सगळ्या रस्त्यानं चुप बसून राहिली."

"आता तुमाले दिसते न," ती म्हणाली.

"दिसते म्हणून बोलू नये का? मले वाटलं तू मागे आहेस का पडलीस कुठे."

दुसऱ्या दिवसापासून रेडिओ पुन्हा सुरू झाला. गाय डावीकडे, ऑटो मधात. तिला सांगायची गरज नव्हती आणि त्यांना ऐकायची, पण मुद्द्यावर ये असं ते तेव्हाही म्हणाले नाहीत.

मंदाची सासू मागच्या पावसाळ्यात गेली. गुडघ्यांनी नाही, तापानं, थोडक्यात. इवाई आता रिटायर आहेत. कापणं कमी झालं आहे, म्हणतात करवतीचे दात गेले. पण कायदा कायम आहे. परवा मंदाकडून निघाले तर चाबी घेऊन उभे. "लोक काय म्हणतील, ईनबाई?" मी नमस्कार केला, आडवी बसले, पदर घेतला. बूढापाऱ्याच्या गल्लीतून बाहेर पडेपर्यंत दोघंही गप्प. तलावाच्या वळणावर त्यांनी गाडी हळू केली आणि मान न वळवता म्हणाले, "काही बोला न, ईनबाई."

मी म्हटलं, "मी काय बोलू? मागं बसून बोलायची आमची रीत नाही."

थोडं पुढं गेलो.

"डावीकडे गाय आहे," मी म्हटलं.

"हव."

"समोर ऑटो उभा आहे. गुपचुपवाला निघाला आहे गाडा घेऊन."

"हव, दिसला."

"शाळेची पोट्टी आहेत रस्त्यात, हळू."

"हव."

मग माझं घर आलं. ते मात्र मी सांगितलं नाही. गाडी तशीच पुढं गेली, आणि आम्ही तलावाला पूर्ण फेरा घालून आलो.